हळू गोळी

टॅम्पिनीसला आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत तो रोज संध्याकाळी बसलेला असे. कॅनडाहून मुलीकडे राहायला आलेला, सत्तरी ओलांडलेला गोरा म्हातारा. तिथलं मांजर मांडीवर घेऊन तो केसांच्या उलट्या दिशेने हात फिरवायचा आणि हलकी फुंकर मारून आतली लव बघायचा. एकदा ऑफिसमधून येताना मी थांबून विचारलं, "काय शोधताय?"

"सवय आहे," तो म्हणाला. "मी कातड्यासाठी कोल्हे मारायचो."

नेहमीच्या काडतुसाने कातडं फाटायचं आणि व्यापारी ते घेत नसत. म्हणून तो घरीच शिसं वितळवून गोळ्या ओतू लागला आणि गोळी हळू सुटावी यासाठी काडतुसात दारू कमी भरू लागला. ती फारच कमी झाली की गोळी बंदुकीच्या नळीतच अडकायची. अख्खा हिवाळा खटपट केल्यावर प्रमाण सापडलं. "एवढंसंच भोक," म्हणत त्याने करंगळीचं नख दाखवलं.

"म्हणजे जमलं की!"

"जमलं. पण हळू गोळीला खूप जवळ जावं लागतं. लांबून मला नुसता कोल्हा दिसायचा. जवळून तो माझ्याकडे बघताना दिसायला लागला."

"मग सोडलंत?"

"नाही. घर त्यावरच चालायचं." त्याच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता, बढाईही नव्हती. "फक्त तो मान वळवेपर्यंत थांबायचो. बरेचसे तेवढ्यात पळून जायचे."