पत्रांना दिलेले गुण

सत्तरच्या दशकात नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत मला पहिली नोकरी लागली. शेतकऱ्यांची पत्रं वाचायची आणि त्यांचा सूर पाहून दहापैकी गुण द्यायचे, हे माझं काम. खुशीच्या पत्राला आठ-नऊ, रागाच्या पत्राला एक-दोन. एकदा व्यवस्थापकांनी सहज विचारलं, हे गुण पिकाशी बरोबर जुळतात का? त्यानंतर टेबलाशी बसवेना. संकरित ज्वारीची खळी चालू होती. जाऊन बघतो, म्हणालो.

फिरतीवरच्या सहकाऱ्याच्या फटफटीवर मागे बसून वाटूरकडच्या गावांत गेलो. घरी उर्दू बोलणारा तो माणूस शेतकऱ्यांशी मात्र त्यांच्याच बोलीत बोले.

पहिला शेतकरी सर्वांत रागीट पत्राचा. त्याला मी एक गुण दिला होता. त्याच्या खळ्यावर टपोऱ्या दाण्यांची रास होती. पीक तर छान आलंय, असं मी म्हणताच तो उसळला.

"दाणा आला, पण ताटं कमरेएवढी. कडबाच न्हाई. बैलांना काय चारू?"

दुसऱ्याच्या पत्राला नऊ गुण होते. ‘बियाणं अतिउत्तम,’ असं त्यानं लिहिलं होतं. त्याची ज्वारी ऐन काढणीत पावसात सापडून काळी पडली होती. मग असं का लिहिलंत, हे मला विचारल्याशिवाय राहवलं नाही. आधी त्यानं आम्हाला जेवायला बसवलं.

"साहेब, पुढच्या सालीबी तुमच्याकडूनच बी घ्यायचंय," तो खाली बघत म्हणाला. "मंग वाईट कसं लिहू?"

त्याच्या बायकोनं त्याच ज्वारीची भाकरी वाढली. काळसर, कडवट. आम्ही ती संपवली.

पुढे आणखी गावं झाली. काही गुण जुळले, पण कोणते जुळतील हे आधी ओळखता आलं नाही. परत येऊन व्यवस्थापकांना सांगितलं, गुण बंद करा. दाणा कसा, कडबा किती, एवढंच पत्रानं विचारा. त्यांनी प्रश्न छापून घेतले, पण गुणही चालू ठेवले. मालकांना ते आवडत होते.

तो हिवाळाभर मी गुण देत राहिलो. कौतुकाचं पत्र आलं की हात अडायचा. उठून खिडकीशी जायचो, परत बसायचो. उन्हाळ्यात फिरतीचं काम मागून घेतलं. सावलीतली नोकरी सोडली म्हणून आई कितीतरी दिवस नाराज होती.