भोंगा आतच वाजत होता

शटर मी खाली ओढलं, कडी घातली आणि वळून बघितलं, तर भोंगा आतच वाजत होता.

ॲडमिशनला आलेली पोरं, त्यांचे आईबाप, माझी सून सुनीता आणि व्हिडिओवाला दीपक, सगळे माझ्याबरोबर कोंडले गेले होते. एक बाई टेबलाखाली शिरली होती. गॅसवर रस्सा करपायला आला होता. आणि भिंतीवरच्या पडद्यावर मी निवांत भाकरी थापत बसले होते.

अवसरी खुर्दला माझी मेस आहे. इंजिनीअरिंगची पोरं जेवायला येतात. गावाभोवती ऊस, उसात बिबट्या. म्हणून गावाच्या कडेला खांबावर कॅमेरा आणि भोंगा बसवलाय. बिबट्या दिसला की भोंगा आपोआप वाजतो. आधी बारीक, मग चढत चढत टोकाला जातो, थोडा थांबतो आणि मग दणादण सुरू होतो. तो ऐकला की माणसं आत आणि दार बंद. कुणी विचार करत बसत नाही.

व्हिडिओचं खूळ सुनीताचं. समोर नवी मेस झाली होती. काचेचं दार, मोबाइलवरून ऑर्डर. माझे मेंबर, म्हणजे महिन्याच्या बोलीवर जेवणारे, बरेचसे तिकडं सरकले. या ॲडमिशनला नवे आले नाहीत तर मेस बंद करावी लागणार, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

दीपकचा मंचरला स्टुडिओ आहे. तो लग्नं शूट करतो. त्यानं भाकरी, रस्सा, घासलेली ताटं असं सगळं मिनिटभरात चांगलं बसवलं. वाद झाला तो म्युझिकवर.

आधी त्यानं बासरी लावली. रडकी. खाली अक्षरं, आईच्या हाताची चव.

मी विचारलं, "कोण गेलं रे?"

"मावशी, इमोशनल पाहिजे. पोरं घरापासनं लांब असत्यात."

"मग त्यांनी आईला फोन करावा. मी त्यांची आई न्हाई. मी पैसे घेऊन जेवाय घालते."

मग त्यानं तुतारी आणि नगारे लावले. मी म्हटलं, भाकरी थापतेय, गड घेत नाही. मग सनई. त्यावर सुनीताच म्हणाली की पोरांना फुकटची पंगत वाटेल. मी एक सिनेमातलं गाणं सुचवलं, तर ते चालत नाही म्हणाला. गाण्याच्या मालकाला विचारल्याशिवाय लावलं की व्हिडिओ बंद पाडतात. त्याला कॉपीराइट म्हणतात. हे मला पटलं. माझ्या मसाल्याचं पातेलं कुणी न विचारता उचललं तर मीही बंद पाडीन.

शेवटी दीपक वैतागला. जोशातलं टाकतो म्हणाला, आजकालच्या पोरांना तेच लागतं. कसं असतं ते त्यानं तोंडानंच वाजवून दाखवलं. हळूहळू चढतं, वर जाऊन थांबतं आणि मग आदळतं. त्या आदळण्याला ड्रॉप म्हणतात. मला तो मिक्सर चालू केल्यासारखा वाटला. मेसमध्ये मिक्सर असतोच, म्हणून मी हो म्हटलं. दीपक मंचरचा. आमचा भोंगा त्यानं कधी ऐकला नव्हता.

ॲडमिशनच्या दिवशी त्यानं लग्नातला मोठा स्पीकर आणला आणि मेसच्या आत, रस्त्याकडं तोंड करून लावला. व्हिडिओ सुरू झाला. आवाज चढायला लागला तसं गल्लीतल्या बायकांनी पोरं उचलली. मी रस्त्यावर जाऊन हाताला लागतील ती माणसं आत ढकलली. त्यातली बरीच समोरच्या मेसच्या दारात उभी होती. काचेच्या दारावर त्यांचाही भरवसा नसावा, मुकाट आली.

व्हिडिओ संपल्यावर मी पोलीस पाटलांना फोन केला आणि काय झालं ते सांगितलं.

ते म्हणाले, "मावशी, व्हिडिओ असू द्या न्हाईतर बिबट्या. आता निम्म्या गावानं वनखात्याच्या पथकाला फोन केलाय. ते येऊन बघून जाईस्तवर शटर उघडायचं न्हाई."

"अवो, तो माझाच व्हिडिओ व्हता."

"तुमचा असला तरी."

मग काय करणार. रस्सा खालून लागला होता, वरचा काढला. त्या दिवशी मासवडी केली होती. सुनीतानं ताटं वाढली. लातूरचे एक गृहस्थ म्हणाले, आम्ही मासे खात नाही. मी सांगितलं, यात मासा नाही, बेसन, तीळ आणि खोबरं आहे. त्यांनी एक तुकडा खाल्ला आणि ताट जवळ ओढलं. जेवण झाल्यावर विचारलं, "खाडा धरता का?"

खाडा म्हणजे पोरगं गावी गेलं तर तेवढं जेवण बिलातून वजा करणं.

"सांगून गेला तर धरते. न सांगता गेला तर न्हाई."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि पोराचं नाव सांगितलं. त्यांचं ऐकून बाकीच्यांनीही सांगितली. टेबलाखालच्या बाईंनी आपल्या दोन्ही पोरांची सांगितली.

दीपक कोपऱ्यात बसून जेवला. जाताना म्हणाला, "मावशी, रिझल्ट तर आला ना?" मी त्याला स्पीकर उचलायला सांगितलं.

मेस चालू आहे. तो व्हिडिओ सुनीताच्या मोबाइलमध्ये आहे, आवाज काढून टाकलेला. कुणी विचारलंच तर मी एवढंच सांगते, की मोठ्या आवाजात लावायचं ते आधी गावातल्या कुणालाही एकदा ऐकवावं.

त्या दिवशी पथक आलं, उसात बघून गेलं. बिबट्या नव्हता. शटरच्या आतले सगळे जिवंत राहिले. समोरच्या मेसचा मालकही त्यांच्यातच होता. त्यानं दोनदा रस्सा घेतला.