चेलोच्या पेटीतलं मीठ

सप्टेंबरचा शेवटचा रविवार, सकाळ. पेणमधल्या आमच्या दुकानाची मागची खोली. हजर: मी, नवरा आणि गडबहून आलेली त्याची थोरली बहीण. दुकान बंद. टेबल पुसून रिकामं केलेलं, त्यावर चेलोची पेटी.

चेलो म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड. खुर्चीवर बसून, गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं. आवाज पुरुषाच्या खर्जासारखा. आमच्या दुकानात असलं वाद्य कधी विक्रीला आलं नव्हतं. आमचा धंदा बेस गिटार आणि ॲम्प्लिफायरचा. घ्यायचे, विकायचे, दुरुस्त करायचे. इकडे हळदीला आणि गणपतीला बेंजो पार्टी लागतेच. टेम्पोवर पुढे बेंजो आणि कीबोर्ड, मागे बेस, आणि त्यामागे स्पीकरची भिंत. गणपती बुडाले की पुढे बरेच दिवस आम्ही ॲम्पमधला गुलाल काढत असतो. तो आवाजाच्या बटणात जाऊन बसतो आणि बटण फिरवलं की खरखरतं.

चेलो मात्र गिऱ्हाइकासाठी नव्हता. मे महिन्यात तो मी रोह्याहून घेतला तो घरासाठी. वाजवणार मी, ऐकणार नवरा.

नवरा रोह्याजवळ धाटावला एका कंपनीत कॉम्प्रेसरवर होता. शिफ्ट सुटली की बेंजोत बेस वाजवायचा. दिवसभर कॉम्प्रेसर आणि संध्याकाळी स्पीकरच्या पुढ्यात उभा. कान गेले ते हळूहळू, आणि ते आधी मला कळलं. मी शाळेत असताना व्हायोलिन शिकले. कार्यक्रम कधी केला नाही, पण दुकान आवरल्यावर थोडा वेळ वाजवायचं हे ठरलेलं. तो बाहेरच्या खोलीत जॅक सोल्डर करत बसायचा. माझं बोट जरा मागे राहून सूर उतरला की तिथूनच ओरडायचा, "उतरलीस गो!"

"तुम्ही तुमचा धूर सांभाळा," मी म्हणायचे. पण बोट पुढे सरकवायचे. त्याचं कधी चुकायचं नाही.

पुढे हे ओरडणं कमी झालं. मला वाटलं, आपला हात सुधारला. एक दिवस मी मुद्दाम एक तार उतरवली आणि अख्खं भजन तसंच वाजवलं. बाहेरून काही नाही. डोकावून पाहिलं, तर तो निवांत सोल्डर करत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "छान वाजवलंस." लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाला. मला रडू आलं ते त्याला दिसू नये म्हणून मी चहा ठेवायला गेले.

डॉक्टर म्हणाले, वरचे आवाज गेलेत, खालचे बऱ्यापैकी आहेत. कानाचं यंत्र दिलं. ते शर्टाच्या खिशात असतं. "त्यात तू कमी आन् भांडी जास्त वाजतात," असं त्याचं म्हणणं.

त्यानंतरही मी वाजवत राहिले. चूक झाली की माझी मलाच कळायची, मीच सुधारायचे आणि पुढे जायचे. दुकानात गिऱ्हाईक चांगलं वाजवता म्हणून जायचं, त्याने काही भरून यायचं नाही. मला कौतुक नको होतं. बाहेरच्या खोलीतून ओरडणारं माणूस हवं होतं.

रोह्याला कंपनीच्या वसाहतीतल्या एक बाई घर आवरून मुलीकडे राहायला चालल्या होत्या. त्यांच्याकडे विकायला एक बेसचा ॲम्प होता, म्हणून आम्ही गेलो. नवरा व्हरांड्यात ॲम्पचं मागचं झाकण खोलून बसला. आतल्या खोलीत त्यांच्या वडिलांचा चेलो होता. मी सहज बसले, जाड तारेवर बोट ठेवलं आणि बो, म्हणजे गज, ओढला. बोट ठेवलं ते व्हायोलिनच्या मापाने. चेलोवर अंतर मोठं, त्यामुळे सूर खाली आला.

व्हरांड्यातून आवाज आला, "कोन वाजवतंय? उतरलंय ते!"

मी चेलो तिथल्या तिथे घेतला. घासाघीस केली नाही. परतताना टेम्पोत नवऱ्याने दोनदा विचारलं, "तुला बरं हाय ना?"

वाटेत गडबला त्याच्या बहिणीकडे, ताईंकडे थांबलो. त्या टेम्पोत वाकून बघत म्हणाल्या, "एवढी फिडल? कोन राक्षस वाजवनार ही?"

"मीच," मी म्हणाले.

"बघ गो, नायतर तीच तुला वाजवंल."

घरी आलो आणि हंगाम सुरू झाला. बेंजोवाल्यांचे बेस तारा बदलायला, ॲम्प तपासायला, केबली नव्या करायला. सरसाने सांधलेल्या वाद्याला पावसाळी दमट हवा सोसत नाही, हे मला माहीत होतं. त्यासाठी काय करायचं हे मी बोलायच्या आत नवरा म्हणाला, "ते माझ्यावर सोड." तो मिठागरवाल्यांच्या घरातला. खाडीकाठची माणसं दमट हवेत जन्म काढतात, तेव्हा मी निर्धास्त झाले. त्याने खड्या मिठाच्या पुरचुंड्या बांधल्या, पेटीच्या कोपऱ्यांत ठेवल्या आणि पेटी बंद केली. विसर्जनाचा शेवटचा ॲम्प परत येईपर्यंत ती कुणी उघडली नाही.

सप्टेंबरच्या त्या रविवारी ताई मुद्दाम ऐकायला आल्या होत्या. झाकण उघडलं तसा खाडीचा वास आला. पुरचुंड्यांची फडकी उरली होती, चिकट आणि ओली. खालचं अस्तर भिजलेलं. चेलोची पाठ आणि बाजूची पट्टी यांच्यात नख जाईल अशी फट. जाड तारेवर गंज. उचलला तर आत काहीतरी गडगडलं.

"ह्ये काय रं? मीठ?" ताईंनी विचारलं.

"आय ठेवायची ना ट्रंकंत, शालूच्या कडंला," तो म्हणाला. "मीठ पानी खेचतं."

"खेचतं, मंग ते पानी जातं कुठं? आय दर आठवड्याला काढून भाजायची!"

"कोनाला?"

"मीठ रं, मीठ! तव्यावर भाजायची, मंग परत ठेवायची. तू ठेवताना तेवढी बघितलीस, भाजायच्या वेळी हुंदडायला!"

त्या हसायला लागल्या. "मिठागरातला पोर आन् मिठानंच बुडाला!" मग माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

नवऱ्याला सगळं ऐकू आलं नसेल, पण कळलं. तो फटीवरून बोट फिरवत राहिला. म्हणाला, "विकून टाक. लग्नाच्या हॉलवाल्याला स्टेजवर शोला कायतरी पायजे होतं."

"नाही विकायचा," मी मोठ्याने म्हणाले. इतक्या मोठ्याने की रस्त्यावरचा माणूस थांबला असेल.

मग मी कामं सांगायला सुरुवात केली. मला दुसरं काही येत नाही. लाकूड चिरलेलं नाही, फक्त सांधा सुटलाय. हा सांधा सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांच्या डिंकाने जोडतात, तो कच्चाच ठेवतात. ताण आला तर सांध्याने सुटावं, लाकूड वाचावं, म्हणून.

"म्हंजे सुटलं ते बरंच झालं?" ताईंनी विचारलं.

"बरं नाही. पण याहून वाईट होऊ शकलं असतं."

"मंग तसं बोल ना! त्याचं तोंड बघ कसं झालंय."

त्याने सुताराचा पांढरा गोंद पुढे केला. मी नको म्हणाले. त्या गोंदाने जोडलं तर पुढे कधी उघडता येणार नाही. पेणजवळ जोहे गावी गणपतीच्या मूर्तींच्या एका कारखान्यात जुने मूर्तिकार अजून सरस ठेवतात. तिथून थोडा आणला. आधी ओल्या फडक्याने मीठ पुसून काढलं. मीठ लाकडात राहिलं तर ते परत पाणी ओढणार. मग चेलो आडोशाला, उन्हापासून दूर, वाळत ठेवला.

एवढ्या मोठ्या वाद्याला क्लॅम्प आमच्याकडे नव्हते. नवऱ्याने ते केले. मोडीतल्या स्पीकरच्या पेट्यांचे लांब बोल्ट, त्यांवर लाकडाच्या चकत्या, चकत्यांना ॲम्पवरच्या जाड कापडाचे तुकडे. दोन दिवस तेच चाललं. कापायचा, घासायचा, चेलोला लावून बघायचा.

ऑक्टोबरच्या एका कोरड्या दुपारी सरस गरम पाण्यात पातळ केला. मी ब्रशने फटीत सोडत गेले आणि तो मागोमाग बोल्ट आवळत आला. सरस थंड व्हायच्या आत सगळं उरकावं लागतं. दोघांचे हात एकमेकांत अडकत होते.

"सरक की!"

"तुम्ही सरका!"

दुसऱ्या दिवशी क्लॅम्प काढले. त्याने फट होती तिथून नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही. "धरलंय," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला.

त्याच आठवड्यात कानांची तपासणी होती. डॉक्टरांनी आलेखाचे जुना आणि नवा असे दोन कागद शेजारी ठेवून दाखवले. खालच्या आवाजांची रेघही आता उतरली आहे. फार नाही, पण उतरली आहे. पुढे किती, ते सांगता येत नाही म्हणाले. परतताना नवरा म्हणाला, "डाक्टरचं पेन जरा खाली घसरलं असंल." मी हसले. हसणं त्याला दिसतं.

सांधा पक्का आहे. नव्या तारा आल्या आहेत. तारांखालची घोडी घासून बसवायला तयार आहे. गजाला राळ लावून ठेवली आहे. पेटीचं अस्तर बदललं, त्यात मीठ नाही. राहिला आहे तो साउंड पोस्ट, आत गडगडलेली ती बोटाएवढी काठी. वरच्या फळीतल्या लांबट छिद्रातून वाकडी सळई घालून ती आत उभी करायची असते. ती उभी नसेल तर तारा ताणता येत नाहीत, वरची फळी खचते. नवऱ्याने सायकलच्या स्पोकची सळई वाकवून दिली आहे. व्हायोलिनमध्ये मी हे काम कितीतरी वेळा केलंय, चेलोमध्ये फार तर तासाभराचं.

रोज सकाळी ठरवते. मग एखादा ॲम्प येतो. खरं तर मीच तो हातात घेते. ती काठी उभी राहिली की तारा चढतील, तारा चढल्या की मला वाजवावं लागेल, आणि बोट मागे राहिल्यावर बाहेरच्या खोलीतून काय येतं, की काहीच येत नाही, ते ऐकावं लागेल. थांबून चालणार नाही हे मला कळतं. तो कागद मी पाहिलाय.

सळई टेबलावर आहे. साउंड पोस्ट अजून आत आडवा पडलाय.