पहिली निघाली ती चिठ्ठी

सुई टोचण्याआधी समोरच्याला पूर्ण नाव विचारायचं, नळीवर नंबर घालायचा, वहीत नाव लिहायचं आणि दोन्ही त्यालाच मोठ्यानं वाचून दाखवायचं, ही सुमनताईंची सवय. मागं रांग लागलेली असो नाहीतर साहेबांचा फोन वाजत असो. "बराबर हाय का?" असं विचारायच्या आणि समोरचा "बराबर" म्हणेपर्यंत सुईचं टोपण काढायच्या नाहीत. आमच्या आरोग्य केंद्रात त्या लॅब टेक्निशियन, मी आरोग्यसेवक. जुन्या जालन्यातून रोज स्कूटीवर यायच्या आणि माझ्याआधी हजर असायच्या. मला या बाईचा मनापासून वैताग यायचा, हे आधीच सांगून टाकतो.

करोनाची पहिली लाट ओसरली होती, लस अजून यायची होती. वरून हुकूम आला, लोकांच्या अँटीबॉडी तपासा. रोग अंगातून येऊन गेला की रक्तात त्याची खूण राहते. ती किती जणांत सापडते ते बघायचं, म्हणजे रोग कुठवर पोचला ते कळतं. यादीतल्या घरी जायचं, तिथल्या मोठ्या माणसांच्या नावाच्या चिठ्ठ्या करायच्या, निघेल त्याचं रक्त घ्यायचं. आमच्या साहेबांनी मात्र सोपी वाट काढली. "ग्रामपंचायतीत बसा, येतील त्यांचं घ्या, संध्याकाळपर्यंत नळ्या पाठवा."

"सर, पंचायतीत येणार तेच चार गडी," सुमनताई म्हणाल्या. "आख्खं गाव काय पारावर बसतंय का? असं अंदाजपंचे दाहोदरसे करायचं असंल तर लोकांना टोचायचं कशाला? आकडा हितंच बसून लिहा की!"

साहेब लालबुंद झाले, पण शेवटी यादीप्रमाणं घरोघर जायला कबूल झाले. मी खिडकीकडं तोंड करून हसलो. दुसऱ्याच दिवशी माझं हसू जिरलं.

वडीगोद्रीच्या पुढं एका शेतवस्तीवरचं घर यादीत होतं. म्हातारे किसनमामा, त्यांचा मुलगा बबन आणि सून कांता, एवढीच माणसं. वाटेत सोबतच्या, गावच्या आशा कार्यकर्तीनं बजावलं, "तिथं जपून बोला. लॉकडाऊनमध्ये म्हातारी तापात गेली. तापात सुनेनं ताक पाजलं म्हणून गेली, असं सगळे म्हणतेत. तव्हापासून मामा तिच्या हातचं पाणीसुद्धा पीत न्हाईत."

हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यात मी तीन चिठ्ठ्या टाकल्या आणि एक उचलली. कांता.

"तिचं कशाला?" मामा खेकसले. "बबनचं घ्या. घरातला कर्ता तो हाय."

ऊन मी म्हणत होतं, पोटात कावळे ओरडत होते. मी चिठ्ठी गुपचूप खोक्यात टाकली, खोकं हलवलं आणि बबनचं नाव निघेपर्यंत उचलत राहिलो. फार नाही, दोनदाच. मान वर केली तर सुमनताई समोर उभ्या.

"काय करून राह्यलास?"

"ताई, रक्त ते रक्तच. काय फरक पडतो?"

"पहिली निघाली ती चिठ्ठी. त्याच्यानंतर निघाली ती तुझी मर्जी. मी मर्जीचं रक्त घेत न्हाई." सगळ्यांदेखत बोलल्या हो! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग त्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या. "पोरी, चिठ्ठी तुझी निघाली. द्यायचं का न्हाई ते तूच सांग. न्हाई म्हणलीस तर हे घर मी रिकामं लिहीन, पण तुझ्या जागी दुसऱ्याचं घेणार न्हाई."

मामांनी घसा खाकरला. कांतानं पिठाचे हात धुतले, पदराला पुसले आणि उंबऱ्यावर बसून दंड पुढं केला. ताईंनी नाव विचारलं, तर तिनं सासऱ्याकडं बघितलं. "त्यांचं न्हाई, तुझं विचारलं," ताई म्हणाल्या. तेव्हा कुठं तिच्या तोंडून पूर्ण नाव निघालं, आणि थोड्या वेळानं, बारीक आवाजात, "बराबर."

काही आठवड्यांनी निकाल आले. साहेबांनी सांगितलं की गावाचा टक्का वर पाठवा, माणसागणिक कागद वाटत बसू नका. सुमनताई त्यांच्या टेबलापुढून हलेनात. "रक्त तिचं अन् उत्तर तुमच्या फायलीत? मी नेऊन देणार. मेमो द्यायचा तर द्या." रविवारी त्या स्वतःच्या पेट्रोलनं निघाल्या. मी मागं बसलो. का बसलो? लाज वाटत होती म्हणून.

मामांनी कागदासाठी हात पुढं केला. ताईंनी तो कांताच्या हातात दिला. "पोरी, तुला करोना येऊन गेलाय. तुझ्या रक्तात खूण हाय."

"मंग आमच्या मंडळीला बी त्येच झाल्तं का?" मामांनी विचारलं.

"त्यांचं रक्त माझ्याकडं न्हाई मामा, मी खोटं सांगणार न्हाई. पण रोग तुमच्या घरात आल्ता, एवढं बिलकुल पक्कं. अन् ताकानं करोना होत न्हाई."

कांता कागदाकडं बघत म्हणाली, "आत्याबाई पडून होत्या तव्हा मलाबी ताप होता. उभं राहवत नव्हतं. सांगणार कुणाला?"

मामा उठून गोठ्याकडं गेले. त्यांनी माफी मागितली असती तर मला सांगायला बरं वाटलं असतं, पण तसं काही घडलं नाही. आम्ही परतलो.

मेमो आलाच. सुमनताईंनी त्याला एका ओळीत उत्तर दिलं, "नियम पाळला, पुन्हा पाळीन." पगारवाढ लांबली, बाई तसूभर बदलल्या नाहीत.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाला हार-नारळ झाले, नव्या साहेबांचं लांबलचक भाषण झालं. ते संपताच मागून एक बाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं स्वतःचं पूर्ण नाव घेतलं, माहेरच्या आडनावासकट, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी ताक पाजून सासूला मारलं न्हाई."

एवढंच बोलून ती बसली. मंडपात कुणाला काही कळेना. गळ्यात हार तसाच घेऊन सुमनताई उभ्या राहिल्या आणि माईक नसताना खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बराबर!"