खांबाजवळचा कोट

लेक स्ट्रीटवरच्या माग्नोलिया हॉलमध्ये शनिवारी रात्री नाच असतो आणि तिथले कोट मी सांभाळते. एकोणीस हिवाळे झाले. मिनियापोलिसच्या थंडीत कोटाशिवाय घराबाहेर पडता येत नाही आणि कोट घालून नाचता येत नाही, त्यावर माझं पोट चालतं. दोन डॉलर द्यायचे, नंबराचा बिल्ला घ्यायचा, आणि खिशात काय आहे त्याला मी जबाबदार नाही. एवढे तीन नियम आहेत. ते माझ्या खिडकीवर लिहून लावलेले आहेत आणि ते कोणीही वाचत नाही.

एरास्मो तापियाने अकरा वर्षांत मला एकदाही कोट दिला नाही.

तो पहिल्यांदा आला ती नोव्हेंबरातली रात्र होती. मेक्सिकोहून तो मावसभावाचा पत्ता घेऊन आला होता. मावसभाऊ तीन महिन्यांपूर्वीच खोली सोडून टेक्सासला गेला होता आणि कळवायचं राहून गेलं होतं. आमच्यात असं राहून जातं. मग हा बाबा अंगात सुती जाकीट घालून लेक स्ट्रीटने चालत सुटला. हॉलच्या भिंतीतून ढोलाचा ठेका ऐकू येत होता, आणि ठेक्याच्या वर लाउडस्पीकरमधून कोणी तरी त्याच्या गावाचं नाव घेत होतं. तेकोयान. त्याला वाटलं आपल्यालाच हाक मारतायत. तो आत आला तेव्हा ओठ निळे पडले होते. कोणी न्यायला न आलेले कोट माझ्याकडे नेहमी पाचसहा असतात, त्यातला एक तपकिरी, दोन मापं मोठा, मी त्याच्या अंगावर टाकला.

"डिसेंबरात घरी जाताना परत देतो," तो म्हणाला.

मी म्हटलं, बरं.

हाक मारणारे होते डॉन हासिंतो. पुरुषाला डॉन आणि बाईला दोन्या म्हणणं ही आमची मान द्यायची रीत. ते नाचाची कुंबिया गाणी लावतात, लोक त्यांच्या टेबलावर चिठ्ठ्या नेऊन देतात, आणि गाणं चालू असतानाच ते चिठ्ठ्यांतले सलाम वाचतात: अमक्या गावच्या अमक्या घराला, अमक्याकडून. विहिरीतून यावा तसा आवाज आहे. पूर्वी सगळा नाच तबकडीवर भरून पार्सलने गावाला जायचा. आता स्टँडवर फोन लावलेला असतो आणि अख्खं तेकोयान घरी बसून त्याच क्षणी ऐकतं. मेलेल्या माणसाला सलाम असला की डॉन हासिंतो गाणं हळू करतात, गावाच्या नावाऐवजी 'आभाळापर्यंत' म्हणतात, पुरुष टोप्या काढतात, आणि ज्याने चिठ्ठी दिली त्याने उरलेलं गाणं नाचून पुरं करायचं असतं. रडलं तरी चालतं. थांबायचं नाही.

एरास्मोची चिठ्ठी अकरा वर्षं एकच होती. "तेकोयानच्या दोन्या सिरिला तापिया यांना, मुलगा एरास्मोकडून. तब्येत ठीक. डिसेंबरात येतो." चिठ्ठी द्यायची, कोट घालून खांबाला टेकून उभं राहायचं, आईचं नाव ऐकायचं आणि निघायचं. कोट दे म्हटलं तर म्हणायचा, निघतोच आहे मावशी. हॉटेलच्या लाँड्रीत तो चादरींना इस्त्री करायचा. नाचला कधी नाही, कोणाशी भांडला नाही, आणि जो भांडतही नाही त्याच्याकडे आमच्या हॉलमध्ये कोण बघणार? खांबाला कोणी कोट अडकवून ठेवलाय असंच वाटायचं. गेला मात्र कुठल्याच डिसेंबरात नाही. कागदपत्रं नव्हती. गेला असता तर परत येता आलं नसतं, आणि गावात भावाच्या दोन मुली त्याच्या इस्त्रीवर शिकत होत्या.

परवाच्या जानेवारीत, एका मंगळवारी, सिरिला वारली. रात्री निजली ती उठलीच नाही. बुधवारी पुरलीसुद्धा. एरास्मोचा भाऊ लासारो, त्याने डॉन हासिंतोंना फोन केला. म्हणाला, एरास्मोला कळू देऊ नका. कळलं तर आहे तसा निघेल, येईपर्यंत इथे माती सुकलेली असेल, आणि परत जाताना सरहद्दीच्या वाळवंटात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आम्हाला माहीत होतंच. बाल्बिनाचा दीर तसाच गेला.

बाल्बिना म्हणजे आमची टमालेवाली, मक्याच्या पिठाचे टमाले उकडून विकणारी. हॉलच्या स्वयंपाकघरात तिने, डॉन हासिंतोंनी आणि आणखी दोघातिघांनी ठरवलं की सांगायचं नाही. थंडी सरली की बघू. मी म्हटलं, सांगा, आई त्याची आहे, तुमची नाही. पण कोट सांभाळणाऱ्या बाईला मत असतं हे कोणाच्या गावी नसतं.

आता आमच्या लोकांना गुपित पाळता येत नाही असं नाही. तोंड बंद ठेवतात. पण बाकीच्या सगळ्या अंगाने सांगतात. पहिल्याच शनिवारी एरास्मो आला, तर दारावरच्या माणसाने त्याला मिठी मारली. अकरा वर्षांत त्याने याचं नावही विचारलं नव्हतं. तीन बायका नाचायला बोलवायला आल्या. न्हावी म्हणाला, ये सोमवारी, केस कापतो, पैसे नकोत. आणि बाल्बिना, जी पोटच्या मुलाकडून जास्तीच्या चटणीचे पैसे घेते, तिने त्याच्या हातात दोन गरम टमाले ठेवले.

"किती झाले?" त्याने विचारलं.

"राहू दे. उरलेत."

तेव्हा साडेआठ वाजले होते आणि पातेलं काठोकाठ भरलेलं होतं. एरास्मोने पातेल्याकडे पाहिलं, बाल्बिनाकडे पाहिलं, आणि टमाले उभ्याउभ्याच खाल्ले. डॉन हासिंतोंनी त्याची चिठ्ठी वाचली. तेकोयानच्या दोन्या सिरिलाला, डिसेंबरात येतो. मी आतल्या कोटांकडे तोंड करून उभी राहिले.

त्यात आणखी नऊ दिवसांची प्रार्थना आली. गावात चालू होती, मग इथल्या तेकोयानवाल्यांनी नको का करायला? गुपचूप करायची ठरली. गुपचूप म्हणजे बाल्बिनाच्या तळघरात, रोज संध्याकाळी सातला, चाळीस माणसं. मी सांगितलं, निदान बूट आत घ्या. बाल्बिना म्हणाली, माझी फरशी ओली होते. चाळीस जोड बूट नऊ दिवस तिच्या दारात बर्फावर ओळीने मांडलेले होते.

दुसरा शनिवार गेला. तिसऱ्या शनिवारी एरास्मो माझ्या खिडकीशी आला. अंगात कोट, हातात चिठ्ठी.

"मावशी, डॉन हासिंतोंना वाचता येतं ना?"

"येतं की."

"मग मी लिहितो ते वाचत का नाहीत? मागच्या शनिवारी दिली, आत्ताही दिली. दोन्ही वेळा जुनंच म्हणाले. हे बघा, तेच परत लिहून आणलंय."

मी चष्मा लावला. अक्षर सुवाच्य होतं. "दोन्या सिरिला तापिया यांना, आभाळापर्यंत. मुलगा एरास्मोकडून. तब्येत ठीक. डिसेंबरात येत नाही."

डॉन हासिंतोंना जवळचं दिसत नाही आणि फोनसमोर चष्मा लावायची त्यांना लाज वाटते. एरास्मोची चिठ्ठी तर अकरा वर्षांची पाठ. कागद नुसता हातात धरायचे.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"बाल्बिनाबाईंनी टमाल्याचे पैसे घेतले नाहीत, तेव्हा वाटलं घरी कोणी तरी आजारी आहे. मग गुरुवारी त्यांच्या दारावरून गेलो. एवढे बूट, आणि गाणं नाही. तळघराच्या खिडकीशी वाकून ऐकलं तर आईचं नाव."

"मग?"

"मग काय. उरलेले दिवस खिडकीबाहेर उभं राहून केली प्रार्थना. बाहेर नीट ऐकू येतं."

मला लाज वाटली. नुसती लाज नाही, सगळ्यांचा इतका संताप आला की हॉलचे दिवे घालवून सगळ्यांना घरी हाकलावंसं वाटलं. चाळीस माणसं आत उबेला बसून ज्याच्या आईसाठी माळ ओढत होती तो बाहेर बर्फात उभा होता.

"तोंड नव्हतं तुला? दार वाजवायचं."

"तुम्ही सगळे इतकं जपत होता. म्हटलं, चिठ्ठी वाचली की कळेलच सगळ्यांना." मग तो म्हणाला, "माझं सोडा. पण आईला त्यांनी दोन वेळा गावी सलाम पाठवला. ती आता तिथे नाही. तिला मिळाला नसणार."

मी चिठ्ठी घेतली आणि खिडकी सोडून निघाले. एकोणीस वर्षांत गर्दीच्या वेळी मी खिडकी सोडलेली नव्हती. नाचणाऱ्यांच्या मधून वाट काढत डॉन हासिंतोंच्या टेबलाशी गेले, त्यांच्यासमोर चिठ्ठी ठेवली आणि माझा चष्मा त्यांच्या नाकावर बसवला. गुलाबी आहे, दांडीला मणी आहेत. त्यांनी वाचलं आणि माईकवर हात ठेवला.

"हे वाचलं तर पोरगा उद्या निघेल, एल्विरा."

"निघेल नाही तर राहील, ते त्याचं तो बघेल. तुम्ही वाचा. त्याच्या आईला आणखी ताटकळत ठेवू नका."

मी परत खिडकीशी पोचले तरी ते चष्मा सारखा करत होते. मग गाणं हळू झालं. विहिरीतला आवाज जरा फाटला, पण शब्दन् शब्द वाचला. आभाळापर्यंत. तब्येत ठीक. डिसेंबरात येत नाही. टोप्या निघाल्या. बाल्बिनाने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि एप्रनला पुन्हा पुन्हा हात पुसले. सगळा हॉल त्या खांबाकडे बघत होता आणि खांबाजवळ कोणी नव्हतं. तो माझ्याजवळ होता.

एरास्मोने बटणं काढली. कोट खिडकीतून आत दिला आणि त्याच्यावर दोन डॉलर ठेवले. मी ते घेतले. नियम आहे. एकेचाळीस नंबरचा बिल्ला दिला, तो त्याने शर्टाच्या खिशात ठेवला. कोटाशिवाय तो फारच बारीक माणूस निघाला. मधोमध गेला आणि नाचायला लागला. इतका वाईट नाच मी या हॉलमध्ये पाहिलेला नाही, आणि इथे मी पुष्कळ दारुडे पाहिलेत. अर्ध्या गाण्यात बाल्बिना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिलाही नाचता येत नाही.

एकेचाळीस नंबरच्या खुंटीवर फोन वाजायला लागला. खिशात काय आहे त्याला मी जबाबदार नाही. थांबला आणि परत वाजला. तिसऱ्यांदा मी खिशात हात घातला. पलीकडे लासारो होता; मी कोण ते सांगितलं. गावात सगळ्यांनी ऐकलं होतं. त्याच्यामागे बायका रडत होत्या.

"कोणी सांगितलं त्याला?"

"बुटांनी," मी म्हटलं.

त्याला ते कळलं नाही. त्याला एकच विचारायचं होतं. "निघाला का तो, मावशी? खरं सांगा. निघाला का?"

मी मान बाहेर काढून पाहिलं. गाणं संपलं होतं. डॉन हासिंतोंनी गुलाबी चष्म्यातूनच दुसरं लावलं होतं, आणि एरास्मोला बहुतेक ठाऊक नव्हतं की आता थांबलं तरी चालतं.

"बाहेर उणे पंचवीस आहे," मी म्हटलं, "आणि कोट माझ्याकडे आहे."