वसुधामावशींची मालू

आमच्यात चेलो वाजवते ती रिया. वसुधामावशी तिला कधीकधी 'मालू' म्हणायच्या. तालीम रंगात आली की पियानोवरचे हात तसेच ठेवून मराठीतच सांगायच्या, "मालू, अजून नाही. जरा थांब." रिया बंगाली, तिला मराठीचा गंध नाही, पण ती थांबायची. आपण काय बोललो हे वसुधामावशींच्या लक्षातही येत नसे.

आम्ही चौघं कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या कंपन्यांत नोकरी करणारे, शनिवारी एकत्र वाजवणारे. दोन व्हायोलिनं, रियाचा चेलो, माझा व्हायोला. एक जर्मन रोमँटिक क्विंटेट, म्हणजे पाच वाद्यांची रचना, बसवायचं आमच्या मनात होतं आणि त्याला पियानो हवा होता. माझे बाबा बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आले नि इथंच राहिले, त्यामुळे बालीगंजमधली चार मराठी घरं आमच्या येण्याजाण्यातली. त्यांतल्या एका घरात सत्तरी उलटलेल्या वसुधामावशी एकट्या राहत आणि मुलांना पियानो शिकवत.

रचनेचं नाव ऐकून त्या म्हणाल्या, "दुसरं काही आणा. हे मी वाजवत नाही."

"अवघड आहे म्हणून?" मी विचारलं.

"मला?" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आम्ही बसवलं होतं हे. माझी धाकटी बहीण मालती चेलो वाजवायची. कार्यक्रम तोंडावर आला आणि तिला ताप भरला. कार्यक्रम झाला नाही. मालूही राहिली नाही."

आम्ही मग निदान त्यांच्या दिवाणखान्यात सराव करू द्या, एवढंच मागितलं. पियानोच्या जागा मोकळ्या सोडून आम्ही वाजवत होतो. स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत त्या आल्या. "असं दात पडल्यासारखं काय वाजवता?" म्हणाल्या आणि बसल्या. समोर कागद नव्हता. एक सूर चुकला नाही.

पुढे त्यांच्याशिवाय तालीम झाली नाही. आम्ही लय वाढवली की, "घाई कसली? ट्राम सुटतेय का?" मी "मी आली" म्हटलं की, "मी आले. बाईमाणूस आहेस ना?" पण क्विंटेटच्या संथ भागात एक जागा होती. तिथं सगळे थांबतात आणि चेलो एकटा सुरू होतो. तो विराम त्या दर वेळी लांबवायच्या. तेव्हा त्यांची नजर रियाच्या खांद्यामागे असायची. एकदा जिना उतरताना आमचा अर्को म्हणाला, "त्या रियाकडे बघतच नाहीत."

एस्प्लनेडजवळच्या एका जुन्या सभागृहात कार्यक्रम ठरला. त्याच आठवड्यात रियाला डेंगू झाला.

मी वसुधामावशींना फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांनी हॉस्पिटलचं नाव विचारून फोन ठेवला. हॉस्पिटलात पोचले तर वसुधामावशी माझ्याआधी तिथं बसलेल्या, घरातल्या चपला घालून. माझा हात धरून म्हणाल्या, "मीच केलं हे. वाजवायला नको होतं."

"मावशी, डास चावल्यानं होतो हा ताप."

"तेव्हाही डॉक्टर असंच काहीतरी म्हणाले होते."

रियाच्या आईनं कितीदा विनवलं तरी त्या घरी गेल्या नाहीत. रियाच्या प्लेटलेट्स वाढू लागल्या, तिनं भात मागितला, तेव्हा कुठं त्या टॅक्सीत बसल्या. टॅक्सीत मला म्हणाल्या, "तिला नीट बरी होऊ दे. मग वाजवू. पुरतं वाजवू."

कार्यक्रम पुढे ढकलून झाला. संथ भाग आला. विराम आला. मी वसुधामावशींकडे पाहत होते. त्यांनी रियाकडे पाहिलं, नेमकं रियाकडे, आणि कागदावर लिहिलाय तेवढाच वेळ थांबून मान हलवली. चेलो सुरू झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते तेव्हा त्यांचा चेहरा मात्र बाजारात मूल हरवलेल्या बाईसारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी संदेशाची मिठाई घेऊन गेले. त्या खिडकीशी बसल्या होत्या.

"मालू येत असे," त्या म्हणाल्या. "तिथं थांबलं की येत असे. अर्धवट राहिलेलं होतं ना, म्हणून येत होती. काल ते पुरं झालं."

"मग बरंच झालं ना, मावशी?"

"तिच्यासाठी बरंच झालं गं."

मी दिवा लावायला उठले. त्यांनी हातानंच नको म्हटलं. खाली मच्छीवाला ओरडत गेला, लोकलची शिट्टी झाली, अंधार पडला. आम्ही तशाच बसून होतो. निघताना त्यांनी मला दारात थांबवलं आणि हळूच विचारलं, "मी तिला घालवलं का गं?"

इतकी वर्षं सगळे त्यांना एकट्या समजत होते. खऱ्या एकट्या त्या कार्यक्रमाच्या दिवसापासून झाल्या. ती थंडी त्यांनी त्या घरात काढली, आणि फाल्गुनात वारल्या.