निळ्या शर्टाच्या खिशातली चारोळी

नीला खांबेटेचं टिटवाळ्याच्या जयेशशी काहीतरी आहे, ही बातमी डोंबिवलीत आणली शकूनं आणि गावभर वाटली मी. खोटं कशाला बोलू? एवढी चविष्ट बातमी एकट्याला थोडीच पचते!

नीला आमच्या रुग्णसाहित्य केंद्रात. कुबड्या, वॉकर, वर-खाली होणाऱ्या खाटा आम्ही गरजूंना वापरायला देतो. प्रत्येक वस्तूला नीला स्वतःच्या हातानं लिहिलेली चारोळी बांधायची. कमोडच्या खुर्चीला होती ती अशी:

सिंहासनावर बसा निवांत,
दरबार भरेल आपोआप;
परत देताना धुऊन द्या,
पुढच्या राजाचा लागेल शाप.

रडवेल्या तोंडानं आलेली माणसं जाताना हसायची. तिचं ते गोल, डावीकडे कललेलं अक्षर घराघरांत ओळखीचं झालेलं.

शकूनं त्यावरूनच ओळखलं. ती जयेशकडे कपडे धुवायची. त्याच्या निळ्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी निघाली:

शर्ट निळा घाल उद्या,
त्यात दिसतोस बरा;
एरवी अगदीच ध्यान आहेस,
पण माझा आहेस खरा.

"बायको खाटेला खिळलीय आणि ह्याचे धंदे बघा!" शकू म्हणाली.

बायको म्हणजे दक्षता. तिची खाट आमच्या केंद्राचीच. खाट नीट चालते का बघायला नीला दर गुरुवारी जायची आणि तीन-तीन तास बसायची. मग काय, मी तिखटमीठ लावलं. "नीलाबाई, आज गुरुवार! पावडर लावलीत ना?" असं तोंडावरही विचारलं.

शेवटी केंद्राचे प्रमुख, भाऊ, यांनी तिला बोलावलं. "नीला, काय ते सांगून टाक. सगळ्यांची तोंडं मी बंद करतो."

"ते तिच्या घरातलं आहे, भाऊ. मी नाही सांगणार."

"मग गुरुवारी मी जाईन."

गुरुवारी भाऊ टिटवाळ्याला गेले. दक्षतानं विचारलं, "नीलाताई कुठेय?"

"कामात आहे गं."

पुढच्या गुरुवारीही तेच. सहाव्या गुरुवारी खाट परत आली. टेम्पोतून जयेश उतरला.

"शेवटी शेवटी रोजच विचारायची, ताई," तो नीलाला म्हणाला, "आज गुरुवार ना?"

नीला फडकं ओलं करून खाट पुसत राहिली. त्यानंतर तिनं कशालाच चारोळी बांधली नाही. मीही कधी मागितली नाही. कुठल्या तोंडानं मागणार?

जयेशनं त्या दिवशी भाऊंना सगळं सांगितलं. दक्षताचे हात गेले होते. नवऱ्यासाठी चारोळ्या ती रचायची. नीला त्या लिहून घ्यायची.